पेसमेकर बसवला, आता आतल्या कपड्याचे काय?

आज जरा अडचणीच्या विषयावर बोलायचे आहे. अडचणीचा म्हणजे चारचौघांत काढला की आवाज आपोआप खाली येतो असा. पण जे बोलायला अवघड, त्याचाच त्रास बाईमाणूस मुकाट्याने सर्वांत जास्त सोसते, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे. विषय आहे ब्राचा. कुणी तिला बॉडी म्हणते, कुणी ब्रेसियर म्हणते, तर कुणी नावच घेत नाही, नुसते ‘आतले’ म्हणते. ज्या बाईच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, तिने ही ब्रा कोणती घ्यावी, कशी घालावी आणि कशी शिवून घ्यावी, ते आज पाहू.

‘हा काय पेपरात लिहायचा विषय आहे?’ असे कुणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी मीही तसेच म्हटले असते. पण आमच्या आक्कांच्या दुखण्याने माझे डोळे उघडले.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. वय त्रेपन्न. शाळेत मुलांची खिचडी शिजवण्याचे काम करतात. मोठमोठी पातेली उतरवणारी ही बाई एके दिवशी चुलीपाशीच चक्कर येऊन पडली. नाडी पाहिली तर मिनिटाला चाळीसच्याही खाली. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेले. हृदयाला ठोक्याची सूचना पोचवणारी वाट बंद पडली आहे, पेसमेकर बसवावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. बसवला. चौथ्या दिवशी आक्का घरी आल्या. चक्कर थांबली, धाप थांबली, चेहऱ्यावर तेज आले. आम्हाला वाटले, संकट टळले.

घरी सोडताना दवाखान्यातून पुष्कळ सूचना मिळाल्या. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचे नाही, मोबाइल डाव्या बाजूला ठेवायचा नाही, पेसमेकरचे कार्ड कायम जवळ बाळगायचे, तपासणीची तारीख चुकवायची नाही. सगळे सांगितले. ब्राबद्दल मात्र एक शब्द कुणी काढला नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नाही. समोर दोन पुरुष डॉक्टर, शेजारी आक्कांचा तरुण मुलगा. विचारणार कोण आणि कसे?

दोन-अडीच महिन्यांनी आमच्या नात्यात लग्न होते. सगळे आले, आक्का आल्या नाहीत. ‘जीव घाबरतो, गर्दी सोसत नाही’ असा निरोप आला. महिला मंडळाच्या बैठकीलाही त्या जात नव्हत्या. मला चैन पडेना. मी दोन दिवस त्यांच्याकडे जाऊन राहिले. मे महिन्याचा उकाडा, आणि आक्का दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून बसलेल्या! रात्री भांडी घासताना मी विचारले, “आक्का, खरं सांगा, काय होतंय तुम्हाला?”

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, पट्टा बरोबर त्या डबीवर येतो. घातली तर आग होते, नाही घातली तर लोकांत जाता येत नाही. हे मी कुणाला सांगू?”

मी दिव्याखाली पाहिले. डबीवरची कातडी लाल झाली होती. पट्ट्याची खोल रेघ उमटली होती, आणि पट्टा लहानमोठा करायची प्लॅस्टिकची कडी जिथे टेकत होती तिथे काळसर चट्टा पडला होता. आक्का त्यावर हळद आणि खोबरेल तेल लावत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दवाखाना गाठला. नशीब एवढेच की कातडी फुटली नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत, पण गंभीर झाले. म्हणाले, “कातडी फुटली असती तर जंतू आत गेले असते. मग डबी आणि तारा, सगळेच काढावे लागले असते.”

एका पट्ट्यापायी, आणि पट्ट्याविषयी बोलायच्या लाजेपायी, एवढे मोठे ऑपरेशन वाया गेले असते. म्हणून हा लेख.

डबी कुठे असते आणि पट्टा तिथेच का येतो

आपल्या हृदयात ठोक्याची सूचना देणारी एक नैसर्गिक जागा असते. तिथून निघालेला विजेचा बारीक इशारा हृदयभर पोचतो आणि हृदय आकुंचन पावते. ही जागा मंदावली किंवा इशाऱ्याची वाट अडली की ठोके कमी पडतात. मग चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, दम लागतो. पेसमेकर हा इशारा बाहेरून देतो. त्यात एक चपटी धातूची डबी असते. तिच्यात बॅटरी आणि यंत्र असते. डबीतून निघालेल्या एक किंवा दोन बारीक तारा शिरेतून हृदयापर्यंत जातात.

ही डबी बहुधा गळ्याच्या हाडाखाली, म्हणजे ज्याला आपण हासळीचे हाड म्हणतो त्याच्या खाली, कातडी आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये छोटा खिसा करून ठेवतात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांना सहसा डाव्या बाजूला बसवतात. डबीचे वजन तीस ग्रॅमच्या आसपास आणि जाडी सहा ते आठ मिलिमीटर. म्हटले तर काहीच नाही. पण सडपातळ बाईच्या अंगावर ती कडेसकट हाताला लागते. आता ब्राचा पट्टा कसा जातो पाहा. खांद्याच्या मध्यावरून सरळ खाली, नेमका याच भागावरून. वर पट्टा, खाली धातूची कड आणि मध्ये बिचारी कातडी. दिवसभर काम करताना हात हलतो, घाम येतो आणि तीच जागा पुन्हा पुन्हा घासली जाते.

त्रास पट्ट्याचाच असतो असेही नाही. ब्लाऊजच्या गळ्याची पायपिंग, मुंढ्याची शिवण, डाव्या खांद्यावर पदराला लावलेली पिन, खांद्याला अडकवलेल्या पिशवीचा बंद, हे सगळे त्याच जागेवर येते. मोटारीत पुढे डाव्या बाजूला बसले तर सीटबेल्टही तिथूनच जातो. पुरुषाला यातला सीटबेल्ट तेवढा जाणवतो. बाकीचे सगळे बाईच्या वाट्याचे.

डबी आधी पोटात होती!

ही डबी खांद्याजवळ आली कशी, याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. माणसाच्या शरीरात पूर्णपणे आत बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडन देशात स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात बसवला गेला. शल्यचिकित्सक होते ओके सेनिंग, यंत्र बनवणारे अभियंता होते रूने एल्मक्विस्ट, आणि रुग्ण होते त्रेचाळीस वर्षांचे अर्ने लार्सन. लार्सन यांना दिवसातून कितीतरी वेळा शुद्ध हरपण्याचे झटके येत. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी या दोघांच्या मागे लागून, तयार नसलेले यंत्र तयार करायला लावले. घाई इतकी होती की यंत्रावरचे राळेचे आवरण ओतायला साचा म्हणून बूट पॉलिशची डबी वापरली! ते यंत्र काही तासच चालले. पण हार कुणी मानली नाही. पुढे आयुष्यभरात लार्सन यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले, आणि ते २००१ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी वारले.

त्यांची ती पहिली डबी पोटाच्या भागात बसवली होती. पुढे छाती न उघडता शिरेतून तार हृदयात नेण्याची पद्धत रूढ झाली. ती शीर हासळीच्या हाडाखालून जाते, म्हणून डबीही तिथेच ठेवणे सोयीचे झाले. शिरेच्या दृष्टीने जागा योग्यच आहे. पण तिथून बाईचा पट्टा जातो, हा विचार त्या सोयीत कुठे नव्हता. तो विचार आता आपल्याला करायचा आहे. लार्सन यांच्या पत्नीने बोलण्याची लाज धरली असती तर ती पहिली डबीही झाली नसती, एवढे लक्षात ठेवू.

पहिले सहा आठवडे

जखम भरेपर्यंत त्या जागेवर कोणताही पट्टा नको. टाके आणि पट्टी आहे तोवर घरात ब्रा न घातलेलीच बरी. लाज वाटत असेल तर सुती शमीज किंवा पुढून उघडणारे सैल ब्लाऊज घाला. ज्यांची छाती भारी आहे, त्यांना आधार नसला तर जखमेवरची कातडी खाली ओढली जाते आणि दुखते. त्यांनी पुढे हूक असलेली, मऊ, सुती ब्रा सैल करून घालावी आणि डबीच्या बाजूचा पट्टा खांद्यावरून उतरवून ठेवावा.

या काळात, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि मागे पिरगाळू नये असे सांगतात. हृदयात गेलेली तार अजून पक्की बसायची असते. आता विचार करा, पाठीमागे हूक लावताना आपण नेमके काय करतो? हात मागे पिरगाळतो! डोक्यातून घालायची बनियनसारखी ब्रा घालताना काय करतो? दोन्ही हात वर करतो! म्हणून या दोन्ही प्रकारांना सहा आठवडे सुट्टी. पुढे हूक असलेली ब्रा नसेल, तर मागचे हूक पुढे आणून लावावेत, मग ब्रा फिरवून घ्यावी. घालताना ज्या बाजूला ऑपरेशन झाले तो हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा. ब्लाऊजचेही तसेच.

एक गैरसमज मात्र नको. हात वर न्यायचा नाही म्हणजे हात अजिबात हलवायचा नाही असे नाही. घाबरून हात अंगाशी बांधून ठेवला तर खांदा आखडतो. खांद्याच्या खालच्या खाली सगळ्या हालचाली कराव्यात. अंबाडा बांधणे, दांडीवर कपडे वाळत घालणे, माळ्यावरचे डबे काढणे ही कामे तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी करावीत.

भार खांद्यावर नको, घेरावर हवा

सहा आठवडे झाले, जखम भरली, डॉक्टरांनी हो म्हटले, की खरी निवड सुरू होते. इथे पुष्कळ जणींची एक चूक होते. स्तनांचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी उचलायचा असतो असे आपल्याला वाटते. तसे नाही. भार उचलायचा तो स्तनांखालून पाठीपर्यंत जाणाऱ्या घेराने. पट्टे नुसते कापड जागेवर धरायला असतात. घेर ढिला झाला की तो पाठीवर वर चढतो, पुढचा भाग खाली येतो, आणि मग आपण पट्टे आवळतो. आवळलेला पट्टा डबीत रुततो.

आपल्या आज्यांची गाठीची चोळी आठवा. तिला पट्टा नव्हता, इलास्टिक नव्हते. स्तनांखाली पुढे गाठ मारली की सगळा आधार त्या गाठीचा. तत्त्व तेच आहे.

म्हणून आधी आरशापुढे आडवे उभे राहून पाहा. पाठीवरचा घेर पुढच्याइतकाच सरळ रेषेत आहे का? वर चढला असेल तर तो ढिला आहे. घेराखाली दोन बोटे सहज जावीत, मूठ जाऊ नये. घेर एका मापाने कमी घेतला तर वाटी, म्हणजे कप, एका मापाने मोठी घ्यावी. छत्तीस बी घालणाऱ्या बाईने चौतीस सी घालून पाहावी. जुनी ब्रा शेवटच्या हुकावर लावूनही सैल होत असेल तर ती टाकून द्यायची वेळ झाली. तिचे इलास्टिक मेलेले असते आणि सगळा भार मुकाट्याने डबीवर येत असतो.

दुकानात काय मागावे

आपल्याकडे ब्रा घेताना बाई दुकानदाराला माप सांगते, कागदात गुंडाळलेली वस्तू घेते आणि निघते. हात लावून पाहत नाही. पेसमेकर असलेल्या बाईला हे परवडणारे नाही. बाई विक्रेती असलेले दुकान शोधा, सोबत मुलगी, सून, मैत्रीण न्या आणि पुढील गोष्टी पाहा.

पट्टा रुंद हवा. दीड-दोन इंचांचा पट्टा भार पसरवतो, अर्ध्या इंचाचा दोरीसारखा पट्टा रुततो.

पट्ट्याची कडी पाठीकडे हवी. पुढे कडी असेल तर ती नेमकी डबीच्या कडेवर येते. आक्कांचा चट्टा या कडीचाच होता.

कापड सुती किंवा होजिअरीचे हवे. लेस, जाळी आणि नायलॉन घामाने चिकटतात आणि घासतात. आतून हात फिरवून पाहा. शिवण टोचत असेल तर ती घेऊ नका.

पुढे हूक असलेली, किंवा बाळंतिणीला दूध पाजण्यासाठी मिळते तशी मऊ ब्रा पुष्कळ जणींना सोसते. तिचे पट्टे रुंद असतात.

पट्टा डबीवरून सरकवता येतो का, ते पाहा. काहींची डबी गळ्याकडे असते, त्यांना खांद्याच्या कडेने जाणारा पट्टा बरा. काहींची डबी बगलेकडे असते, त्यांना पाठीवर फुलीसारखे एकत्र येणारे पट्टे बरे, कारण ते पुढून गळ्याकडे सरकतात. साध्या ब्राचे पट्टे पाठीमागे एकत्र धरणारी छोटी पकडही बाजारात मिळते. कोणते बरे पडेल ते आपली डबी कुठे आहे त्यावर ठरते. शेजारणीला सोसले म्हणून आपल्याला सोसेलच असे नाही.

बिनपट्ट्याची ब्रा रोजच्या कामाला उपयोगाची नाही. ती घेर फार आवळते आणि सारखी घसरते. लग्नकार्यात दोन तास घालायला ठीक.

शिवणाऱ्या ताईंची चुंबळ

आक्कांच्या मापाची रुंद पट्ट्याची ब्रा आमच्या बाजारात मिळाली नाही. मिळाली ती महाग होती. शेवटी वस्तीत ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडे गेलो. दार लावून घेतले आणि आक्कांनी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. ताईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “एवढंच ना आक्का? डोक्यावर हंडा घेताना आपण काय करतो? चुंबळ ठेवतो. इथंही तेच करू.”

त्यांनी काय केले ते सविस्तर सांगते, म्हणजे कुणालाही करता येईल.

आधी आक्कांना नेहमीची सुती ब्रा घालायला लावून, डबी बोटांनी हलकेच चाचपून, तिच्या कडा जिथे येतात तिथे कापडावर शिवणाच्या खडूने खुणा केल्या. ब्रा काढून पुढचे अरुंद पट्टे उसवले. ब्लाऊजच्या अस्तराचे मऊ सुती कापड घेऊन दोन इंच रुंदीचे दुहेरी पट्टे शिवले. पुढचा भाग साध्या कापडाचा, इलास्टिक आणि कडी फक्त पाठीकडे. पट्ट्याची शिवण अंगाकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला काढली. मग जुन्या, धुऊन मऊ झालेल्या साडीच्या कापडाची चपटी, बोटाएवढ्या जाडीची चुंबळ केली. ती पट्ट्याच्या आतल्या बाजूला अशी टाचली की डबी चुंबळीच्या मधल्या मोकळ्या जागेत येते आणि पट्ट्याचा दाब भोवतालच्या कापडावर पडतो. डबीवर थेट घडी ठेवली असती तर दाब उलट वाढला असता. चुंबळीचा उपयोग तिच्या मधल्या पोकळीत आहे.

चुंबळ धाग्याच्या चार टाक्यांवर असल्याने काढून धुता येते. आक्कांसाठी अशा तीन केल्या, रोज धुतलेली घालायला. कपडे धुताना साबणाची पावडर नीट निघाली पाहिजे, म्हणून दोनदा खळबळून घ्यायचे, हेही ताईंनीच सांगितले. हे सगळे जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना दाखवूनच करायचे. ओल्या जखमेवर किंवा लाल झालेल्या कातडीवर चुंबळ, कापूस, चिकटपट्टी यांतले काहीही ठेवू नये.

ब्लाऊजलाही त्यांनी हात लावला. गळा थोडा वर घेतला म्हणजे पायपिंग डबीवर येत नाही, आणि मुंढा अर्धा इंच सैल केला. पदराची पिन खांद्याच्या मागच्या बाजूला लावायची सवय आक्कांनी करून घेतली.

आणखी एक गोष्ट ताईंनी सुचवली. ज्या बाईंना ब्रा अजिबात सोसत नाही, त्यांनी अस्तर लावलेला, नीट मापाचा कटोरी ब्लाऊज शिवून घ्यावा. त्यात कटोरीखालच्या पट्टीचा आधार मिळतो आणि खांद्यावर रुंद कापड असल्याने काही रुतत नाही. ब्रा घातली नाही म्हणजे बाई अव्यवस्थित, असे काही नाही. अंगाला सोसेल ते घालावे.

तार, लोहचुंबक आणि मोबाइल

काही बायांना वाटते, ब्रामधल्या तारेने किंवा हुकाने पेसमेकर बिघडेल. तसे होत नाही. साध्या धातूने यंत्रावर परिणाम होत नाही. तार टोचत असेल तर ती टोचते म्हणून टाळा, विजेच्या भीतीने नको. पदराच्या पिनेचेही तेच.

धोका आहे तो लोहचुंबकाचा. जोरदार लोहचुंबक डबीच्या अगदी जवळ आले की पेसमेकर आपले नेहमीचे काम सोडून ठरावीक गतीने चालू लागतो. ते दूर केले की पुन्हा पूर्ववत होतो. हल्ली काही कपड्यांना, पर्सना हुकाऐवजी चुंबकाची बटणे असतात. ती छातीवर नकोत.

आणि आता आपल्या सर्वांच्या सवयीची गोष्ट. बाजाराला निघाले की मोबाइल आणि पैशाचा बटवा कुठे जातो? ब्लाऊजमध्ये! पेसमेकर असलेल्या बाईने मोबाइल ब्लाऊजमध्ये ठेवायचा नाही, कोणत्याही बाजूला नाही. काही नव्या मोबाइलमध्ये जोरदार चुंबक असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली मोबाइल आणि मनगटी स्मार्ट घड्याळे अशा यंत्रांपासून सहा इंच दूर ठेवण्याचा सल्ला दिला आहे. म्हणून कमरेला खिसा लावून घ्या किंवा परकराला आतून खिसा शिवा. फोनवर बोलताना तो डबीच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावा.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

डबीवरची कातडी लाल, गरम किंवा चकचकीत पातळ झाली, सूज आली, पाणी किंवा पू आला, जखमेचे तोंड उघडले, ताप आला, डबीचा रंग कातडीतून दिसू लागला, किंवा डबी आधीच्या जागेवरून सरकली असे वाटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, तेल, पावडर, मलम काही लावू नका. सूज आली म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई घालून पाणी काढू देऊ नका. त्या सुईनेच जंतू आत जाऊ शकतात. चक्कर किंवा अंधारी पुन्हा येऊ लागली तरीही ताबडतोब दाखवा.

पट्टा टोचतो म्हणून डबी बोटांनी सारखी इकडे-तिकडे सरकवायची सवय काहींना लागते. ती वाईट. डबी आत फिरली की तारा पिळल्या जातात आणि हृदयातून निसटू शकतात. हा प्रकार वैद्यकशास्त्रात १९६८ सालापासून नोंदलेला आहे. टोचते तर पट्टा बदला, डबी हलवू नका.

स्तनांची मॅमोग्राफी करायची वेळ आली तर पेसमेकर असतानाही ती करता येते. तपासणाऱ्या बाईंना आधी सांगा, म्हणजे त्या दाब देताना डबी सांभाळतील.

ऑपरेशनच्या आधीच विचारा

ज्यांना पेसमेकर अजून बसवायचा आहे, त्यांच्या हातात आणखी एक संधी आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोजची ब्रा घालून उभे राहा, आणि वॉर्डातल्या सिस्टरला पट्टा जिथून जातो ती रेघ पेनने आखून द्यायला सांगा. डॉक्टरांना म्हणा, ‘शक्य असेल तर डबी या रेघेच्या आत किंवा बाहेर ठेवा.’ दरवेळी जमेलच असे नाही, कारण शीर जिथे मिळते तिथेच काम करावे लागते. पण सांगितल्यावर विचार तरी होतो. गरजेप्रमाणे काही डॉक्टर डबी स्नायूच्या खाली किंवा स्तनाखालच्या बाजूने बसवतात. तारच नसलेला, गोळीएवढा पेसमेकरही आता निघाला आहे. तो मांडीच्या शिरेतून थेट हृदयात बसवतात, छातीवर डबी राहत नाही. पण तो महाग आहे आणि प्रत्येक रुग्णाला चालत नाही.

आधीच बसवला असेल आणि काही केल्या सोसत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. साधारण आठ ते बारा वर्षांनी बॅटरी संपत आली की डबी बदलतात. त्या वेळी खिसा थोडा सरकवता येईल का, हे जरूर विचारा.

डॉक्टरांशी बोलायचा संकोच वाटला तर सिस्टरला सांगा. तिलाही सांगता येत नसेल तर कागदावर एक ओळ लिहून द्या: ‘ब्राचा पट्टा डबीवर येतो, काय करू?’ तेवढे पुरे आहे.

घरातल्या पुरुषांनाही दोन शब्द. तुमची आई, पत्नी, बहीण ऑपरेशननंतर बाहेर पडायचे टाळत असेल, उकाड्यात पदर लपेटून बसत असेल, तर ‘मनाने घेतले आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तिला तुमच्याशी बोलता येत नसेल तर जिच्याशी बोलता येईल अशा बाईला तिच्याजवळ आणून बसवा. आणि दवाखान्यात डॉक्टर सूचना देत असतील तेव्हा पाच मिनिटे बाहेर जाऊन उभे राहा. तेवढीही मोठी मदत असते.

आक्का आता कामावर रुजू झाल्या आहेत. पातेले उतरवायला दुसरी बाई हात लावते, बाकी सगळे त्या करतात. गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत आजारपणाचा विषय निघाला, तेव्हा पन्नास बायांच्या देखत आक्का उठल्या आणि म्हणाल्या, “माझ्या छातीत पेसमेकर आहे आणि माझ्या बॉडीला चुंबळ लावली आहे. कुणाला पाहायची असेल तर माझ्याकडे या.” क्षणभर सगळ्या हसल्या. बैठक संपल्यावर दोघी जणी मागे थांबल्या. एकीच्या सासूला पेसमेकर होता. दुसरीला स्वतःलाच होता, चार वर्षांपासून, आणि तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते.